शिऊरची बहिणा : नवऱ्याचा मार, वासराचा मृत्यू आणि माउलीचा शोध

हाटपिपल्या (जि. देवास) : नवरात्र लागले की आपल्या भागातली पावले देवासच्या टेकडीकडे वळतात. हाटपिपल्या, बागली या बाजूच्या गावांतूनही माणसे निघतात. टेकडीवर दोघी बहिणी. तुळजाभवानी आणि चामुंडा. इकडच्या बोलीत बडी माता आणि छोटी माता. जाणाऱ्यांत कोणाचा नवस फेडायचा असतो, कोणाला मूल हवे असते. आणि एखाद्या घरातली मंडळी तरुण मुलीला किंवा सुनेला सोबत घेऊन चढत असतात. तिला झोप नसते, ती जेवत नाही, मध्येच तिची शुद्ध हरपते. डॉक्टर झालेले असतात, जाणता झालेला असतो. आता आईच बघेल, असे म्हणून घरचे पायऱ्या चढतात.

अशा मुलीबद्दल आपल्या समाजाकडे ठरलेली उत्तरे असतात. एक म्हणजे बाहेरची बाधा. दुसरे म्हणजे अंगात देवी आली. तिसरे, जे कुजबुजत बोलले जाते, ते म्हणजे नाटक करते. तिला स्वतःला काय वाटते, हे विचारायचे मात्र राहून जाते.

साधारण पावणेचारशे वर्षांपूर्वी अशीच एक मुलगी कोल्हापुरात बेशुद्ध पडली होती. तिच्याबद्दलही गावाने असेच तर्क केले. फरक एवढाच की ती मुलगी पुढे मोठी झाली, आणि आपल्याला काय झाले होते ते तिने स्वतः सांगून ठेवले. तिचे नाव बहिणाबाई. संत तुकारामांची शिष्या. तिने देह ठेवला तो दिवस आश्विन शुद्ध प्रतिपदा, शके १६२२, म्हणजे २ ऑक्टोबर १७००. तिथी नीट बघा, ती घटस्थापनेची आहे. घरोघरी घट बसतात त्याच दिवशी तिची पुण्यतिथी येते. म्हणून या नवरात्रात तिची आठवण.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. खानदेशाला लागून असलेल्या आपल्या पट्ट्यात बहिणाबाई म्हटले की जळगावच्या बहिणाबाई चौधरी आठवतात. आसोद्याला १८८० साली जन्मलेल्या, १९५१ साली गेलेल्या, विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे त्या. त्या वेगळ्या. ही बहिणाबाई त्यांच्या अडीचशे वर्षे आधीची, शिवाजी महाराजांच्या काळातली.

देवगावची लेक

इंदूरहून धुळे, चाळीसगाव करत कन्नडचा घाट चढला की कन्नड तालुका लागतो. त्या तालुक्यात देवगाव रंगारी नावाचे गाव आहे. वेरूळ तिथून जवळ. त्या वेरूळचे घृष्णेश्वराचे मंदिर आपल्या माळव्याच्या अहिल्याबाईंनी पुन्हा बांधून घेतले, हे इकडच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. पण अहिल्याबाईंच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी, १६२८ च्या सुमारास, देवगावच्या कुलकर्ण्यांच्या घरी बहिणाचा जन्म झाला. वडील आऊजी, आई जानकी. बरीच वर्षे मूल नव्हते. गावाजवळच्या तीर्थावर दोघांनी अनुष्ठान केले आणि मग ही मुलगी झाली. पहिली मुलगी म्हणून कोणी तोंड वाकडे केले नाही, उलट घरात आनंद झाला.

काळ मात्र वाईट होता. बहिणा दोन वर्षांची असताना, १६३० साली, दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. तो १६३२ पर्यंत चालला. याच दुष्काळाने तिकडे देहूला तुकोबांचे घर मोडले, दुकान बुडाले. १६३३ साली देवगावच्या जवळचा दौलताबादचा किल्ला मोगलांनी घेतला आणि पुढच्या तीन वर्षांत निजामशाही संपली. ज्या मुलखात राज्य बदलते, त्या मुलखात कुलकर्ण्याचे दप्तर सांभाळणे सोपे नसते. वसुली कोणाच्या नावाने करायची हाच प्रश्न असतो.

तीन वर्षांची असताना बहिणाचे लग्न झाले. नवरा शिऊरचा, गंगाधरपंत पाठक. वय तीस. बिजवर. विद्वान माणूस, वेदपाठ केलेला, ज्योतिष जाणणारा. त्या काळी असली लग्ने सर्रास होत, हे खरे. तरी हिशेब मांडून पाहा. बायको तीन वर्षांची आणि नवरा तिच्या दसपट वयाचा. हा माणूस वाईट होता असे नाही. सासऱ्यावर संकट आले तेव्हा तो धावून आला, कुटुंबाला आधार दिला. पण रागीट होता, आणि आपल्या विद्येचा त्याला अभिमान होता. पुढे जे घडले ते या दोन्ही गोष्टींमुळे घडले.

रात्री सोडलेले गाव

बहिणा नऊ वर्षांची होती तेव्हा भाऊबंदकीचा वाद इतका वाढला की गावात राहणे अशक्य झाले. आई, वडील, नवरा आणि ती, असे सगळे रातोरात देवगावातून बाहेर पडले. कुलकर्ण्याचे घर, ज्याच्या दारात गाव येऊन उभे राहायचे, ते आता दुसऱ्यांच्या दारात धान्य मागत चालले होते. गोदावरीच्या काठाने, मग भीमेच्या काठाने. पंढरपूरला काही दिवस मुक्काम झाला. तिथे या मुलीने पहिल्यांदा विठ्ठल पाहिला. तिथून शिखर शिंगणापूर, मग रहिमतपूर. रहिमतपूरला गंगाधरपंतांना काही काळ जोशीपणाचे काम मिळाले, पोटापुरते भागले. तिथून अकराव्या वर्षी ती कोल्हापूरला आली.

या सगळ्या वाटचालीत मुलीला कसली हौस होती, हे तिने लिहिले आहे. तिला खेळायची हौस नव्हती, दागिन्यांची नव्हती. जिथे कथा चालू असेल, कीर्तन चालू असेल, तिथे जाऊन बसायची हौस होती. संसार सुरू व्हायचे वय तेव्हाच्या रीतीने जवळ आले होते आणि तिचे मन संसारात नव्हते. अकरा वर्षांच्या मुलीचे मन संसारात नसावे यात नवल काही नाही. पण त्या घरात ते नवल ठरले.

कोल्हापूर आणि काळे वासरू

कोल्हापूर म्हणजे अंबाबाईचे गाव, देवीचे मोठे पीठ. भिक्षुकाला तिथे काम मिळते, परक्या कुटुंबाला आसरा मिळतो. एका वेदशास्त्री ब्राह्मणाच्या घरी या कुटुंबाला जागा मिळाली. त्या ब्राह्मणाला एक काळी गाय दान आली होती. ती त्याने गंगाधरपंतांना दिली. गाईला वासरू होते. तेही काळेच.

त्या वासराला बहिणाचा लळा लागला. ती पाणी आणायला निघाली की ते मागे. ती बसली की शेजारी बसायचे. तिने चारा दिला तर खायचे, दुसऱ्याच्या हातचे नको. रात्री तिच्याजवळ झोपायचे. ती दिसली नाही की हंबरायचे. आणि ती कीर्तनाला गेली की तेही कीर्तनाला जायचे, उभे राहून ऐकायचे, आणि शेवटी लोक नमस्कार करायचे तेव्हा तेही मान खाली घालायचे. निदान तिने असे सांगितले आहे. ज्यांनी घरी गुरे सांभाळली आहेत त्यांना यातले बरेचसे खोटे वाटणार नाही.

गाव बदललेले, माहेर-सासर दोन्ही सुटलेले, सोबतीण नाही, नवरा वडिलांच्या वयाचा. अशा मुलीला एक मुके जनावर आपले मानते. ती त्याच्यात का गुंतली, हे कळायला शास्त्र लागत नाही.

त्या दिवसांत कोल्हापूरला जयरामस्वामी वडगावकर आले. समर्थ संप्रदायातले मोठे नाव. त्यांच्या कीर्तनात तुकोबांचे अभंग म्हटले जायचे. बहिणाने तुकोबांचे नाव आणि शब्द पहिल्यांदा मनात साठवले ते इथे. एके दिवशी कीर्तनाला अलोट गर्दी झाली. कोणीतरी वासराला बाहेर काढले. वासरू बाहेर ओरडू लागले, आत मुलगी रडू लागली. जयरामस्वामींना कळले तेव्हा त्यांनी वासराला आत आणवले आणि वासराच्या व मुलीच्या, दोघांच्याही डोक्यावरून हात फिरवला.

गोष्ट एवढीच. पण गावाला बोलायला तेवढे पुरले. एवढ्या मोठ्या स्वामींनी एका परक्या ब्राह्मणाच्या पोरीच्या डोक्यावर भर सभेत हात ठेवला, याची चर्चा झाली. कोणीतरी ती तिखटमीठ लावून नवऱ्याच्या कानावर घातली. गंगाधरपंतांचा संताप झाला. त्यांनी तिला वेणीला धरून मारले. इतके मारले की वासरू आणि गाय दोघी ओरडत राहिल्या. मग तिचे हातपाय बांधून, मोट बांधावी तशी बांधून टाकले. गाईने चारा सोडला, वासराने दूध सोडले. मुलीनेही अन्न सोडले. शेवटी घरमालकाने मध्ये पडून तिला सोडवले.

वासरू त्यातून उठले नाही. काही दिवसांत ते गेले. त्याची अंत्ययात्रा गावातून भजन करत नेली.

तीन दिवस

वासरू गेले आणि बहिणा कोसळली. तीन दिवस तिला शुद्ध नव्हती. अन्न नाही, पाणी नाही. चौथ्या दिवशी तिने डोळे उघडले. डोळे उघडले तेव्हा विठ्ठलाचे रूप तिच्या मनात होते आणि कीर्तनात ऐकलेले तुकोबांचे शब्द कानात होते. मग तिने एकच ध्यास घेतला, की या शब्दांच्या धन्याला भेटायचे. देहू लांब. जायला परवानगी नाही, पैसा नाही. ती मनातल्या मनात तुकोबांना हाक मारत राहिली.

वासरू गेल्यानंतर सातव्या दिवशी, कार्तिक वद्य पंचमीला, रविवारी, तिला स्वप्नात तुकोबा दिसले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि मंत्र दिला. तिथी आणि वार तिने स्वतः नोंदवून ठेवले. कुलकर्ण्याची मुलगी शोभते. ज्या दिवशी आयुष्याची जमा बाजू सुरू झाली त्या दिवसाची नोंद तिने चुकवली नाही.

इथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. या मुलीला अंगात देवी आली असे म्हणवून घेणे सोपे होते. गाव देवीचे होते. लोकांची गर्दी सुरूही झाली होती, तिला बघायला माणसे घरी येत होती. चार नारळ, चार ओट्या आल्या असत्या, पोटाचा प्रश्न सुटला असता. तिने ते केले नाही. आपण देवी आहोत असे ती म्हणाली नाही. आपल्याला भूत लागले असेही म्हणाली नाही. आपल्याला दुःख झाले होते आणि त्या दुःखात आपल्याला गुरू भेटला, एवढेच तिचे म्हणणे होते. आजाराचे नाव काढून त्याला चमत्काराचे नाव तिने दिले नाही. दोन्ही गोष्टी तिने शेजारी शेजारी मांडल्या.

नवऱ्याचे दुखणे

गंगाधरपंतांना हे पटणे शक्य नव्हते. वेदपाठी ब्राह्मणाची बायको, आणि तिचा गुरू कुणबी वाणी, शूद्र म्हणून गणलेला माणूस, तोही स्वप्नातला. लोक बायकोच्या पाया पडायला येतात आणि नवऱ्याला कोणी विचारत नाही, हेही त्यांना लागले. हा राग त्यांच्या विद्येचाही होता आणि पुरुषपणाचाही. त्यांनी ठरवले, हिला आईबापांकडे टाकून आपण वैरागी होऊन निघून जायचे. बहिणा तेव्हा गरोदर होती.

निघायचे ठरले आणि गंगाधरपंत स्वतःच आजारी पडले. महिनाभर अंथरुणाला खिळले. अंगाची लाही होत होती, औषध लागू पडेना. त्या महिन्यात त्यांच्या उशाशी कोण होते, तर बहिणा. दिवस आणि रात्र. ज्या हातांना त्यांनी बांधले होते तेच हात त्यांना पाणी पाजत होते.

या आजारातून ते उठले तेव्हा बदललेले होते. तुकोबांची निंदा केली म्हणून हे भोगावे लागले, असे त्यांच्या मनाने घेतले. बरे झालो तर त्यांच्या पायाशी जाईन, असे त्यांनी मनाशी ठरवले होते, आणि ते पाळलेही. कुटुंब कोल्हापूर सोडून देहूला निघाले. गाय सोबत घेतली.

आता इथे आजच्या वाचकाला, विशेषतः वाचक भगिनींना, एक गोष्ट टोचेल. टोचायलाच हवी. बहिणाबाईंनी पुढे पतिव्रतेच्या धर्मावर अभंग लिहिले. नवरा हाच देव, त्याची सेवा सोडून परमार्थ नाही, असा त्यांचा सूर आहे. ज्याने बांधून मारले त्याच्याबद्दल असे लिहायचे? पण त्याच बाईने तो मारही लिहून ठेवला. कोणी केले, कशासाठी केले, कसे बांधले, सगळे. ती नवऱ्याला सोडून गेली नाही, पण त्याची बाजू सावरण्यासाठी तिने आपली हकिकत झाकलीही नाही. घरातला मार घरातच राहिला पाहिजे, हा नियम आपण अजूनही पाळतो. तिने तो सतराव्या शतकात मोडला.

देहू

देहूला तुकोबा विठ्ठलाच्या देवळात आरती करत होते. स्वप्नात पाहिलेला माणूस तिने तिथे प्रत्यक्ष पाहिला. राहायला जागा शोधताना हे कुटुंब मंबाजी गोसाव्याकडे गेले. मंबाजींचे तुकोबांशी वाकडे होते हे सर्वांना माहीत आहे. ब्राह्मण असून शूद्राला गुरू केला, हे कळताच त्यांनी हाकलून दिले. दुसऱ्या एका गृहस्थाच्या घरी आसरा मिळाला. मंबाजींनी त्यानंतरही त्रास दिला, वाळीत टाकण्याची भीती घातली, गाईला मारले. या वेळी गंगाधरपंत बायकोच्या बाजूने उभे राहिले. महिनाभराच्या दुखण्याने केलेला बदल टिकला होता.

देहूला बहिणाबाईंना मुलगी झाली. तिचे नाव काशी. इथे गोष्ट गोड शेवटाकडे जाईल असे वाटते, पण तसे झाले नाही. गुरू भेटला, नवरा सुधारला, आणि तरी बाळंतपणानंतर तिचे मन पुन्हा खोल गेले. जगणे नको असे तिला वाटू लागले. संसाराने देवाची वाट अडवली, आता हा देहच ठेवू नये, इथपर्यंत विचार गेला. त्यातून तिला पुन्हा तुकोबांच्या दर्शनानेच बाहेर काढले, आणि त्यानंतर ती अभंग रचू लागली, असे तिच्या सांगण्यातून कळते.

हा भाग कीर्तनात सहसा येत नाही. पण तोच महत्त्वाचा आहे. बरे होणे म्हणजे एकदा डोक्यावर हात पडला आणि संपले, असे नसते. ती एकदा बरी झाली, मग पुन्हा खचली, पुन्हा उठली. ज्यांच्या घरी बाळंतीण अशी गप्प गप्प होते, त्यांनी हे वाचावे. संतपदाला पोचलेल्या बाईलाही ते झाले होते. त्यात लाज बाळगण्यासारखे काही नाही. आज आपल्याकडे डॉक्टर आहेत, समुपदेशक आहेत. तिच्याकडे शब्द होते, आणि ऐकणारा एक गुरू होता.

पुढे तिला मुलगा झाला. त्याचे नाव विठोबा. कुटुंब पुन्हा शिऊरला गेले. तुकोबा गेल्यावर ती देहूला परत आली आणि अठरा दिवस उपाशी बसून राहिली. त्यानंतर काही काळ ती समर्थ रामदासांच्या सहवासात होती, अशी परंपरा सांगते.

बाईचा देह घेऊन

बहिणाबाईंच्या लिखाणात एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. बाईच्या देहाने देवापर्यंत जायचे कसे? वेद ऐकायचा नाही. मंत्र म्हणायचा नाही. ब्राह्मणाच्या घरी जन्म, घरात दिवसभर वेदपाठ, आणि तिला तो बंद. पुराणे बाईला परमार्थातला अडथळा म्हणतात. मग ज्यांना हाच देह मिळाला त्यांनी काय करायचे? हा प्रश्न तिने भांडून विचारला नाही, पण तो सोडलाही नाही.

आणि मग तिला जो देव मिळाला तो कोणता, हे बघण्यासारखे आहे. वारकऱ्यांचा विठ्ठल पुरुषरूपात उभा आहे, पण त्याला हाक मारतात ती विठाई म्हणून, माउली म्हणून. ज्ञानेश्वरही माउलीच. वारीत अनोळखी माणूसही माउली. बाप रागावतो, नवरा मारतो, शास्त्र दार लावून घेते. आई दार लावत नाही. जनाबाई याच आईशी दळताना बोलली. आपल्या सीमेवरच्या मुक्ताईनगरला जिचे स्थान आहे त्या मुक्ताबाईला लोक आदिमाया म्हणतात. बहिणा याच वाटेने गेली. तिच्या आजारात तिला जे मिळाले, म्हणजे डोक्यावरचा हात, जवळ बसणे, न बोलता समजून घेणे, ते सगळे आईपणाचे होते. ते तिला आधी एका वासराने दिले, मग जयरामस्वामींनी, मग स्वप्नातल्या तुकोबांनी. देवीच्या गावात राहून तिला आईपण असे वेगवेगळ्या दारांनी भेटले. नवऱ्याच्या आजारात तिने तेच परत दिले.

जातीबद्दलही तिने तिथेच थांबणे पसंत केले नाही. ब्राह्मण कोणाला म्हणावे या प्रश्नावरची वज्रसूची तिने मराठीत आणली. जन्माने, रंगाने, शरीराने कोणी ब्राह्मण होत नाही, ब्रह्म जाणणारा तो ब्राह्मण, असा त्या ग्रंथाचा रोख आहे. शूद्र गुरू केला म्हणून जिला मार, हाकलणे आणि वाळीत टाकण्याची धमकी मिळाली, तिने त्याचे उत्तर असे दिले. ज्ञानदेवांनी घातलेल्या पायावर तुकोबांचा कळस चढला, ही वारकरी पंथाच्या इमारतीची प्रतिमा तर प्रत्येक कीर्तनकाराच्या तोंडी असते. ती रचना बहिणाबाईंची आहे, हे पुष्कळांना माहीत नसते.

शिऊरचा शेवट

शेवटची वर्षे शिऊरला गेली. आज हे गाव छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यात आहे. मृत्यू जवळ आल्याचे तिला कळले तेव्हा मुलगा विठोबा गावात नव्हता. त्याची बायको वारली होती, तिचे क्रियाकर्म करायला तो गेला होता. तिने त्याला बोलावून घेतले. आणि मग आपल्या मागच्या बारा जन्मांची हकिकत त्याला सांगितली. त्या जन्मांतही तो आपल्यासोबत होता, असे ती म्हणाली.

बारा जन्मांवर विश्वास ठेवायचा की नाही, ज्याचे त्याने ठरवावे. पण ते दृश्य कोणालाही समजेल असे आहे. मुलगा बायकोला पोचवून आला आहे, आता आई जायला निघाली आहे. अशा वेळी आई त्याला सांगते की आपली सोबत आजची नाही आणि आज संपणारी नाही. बहात्तर वर्षांची ती बाई, जी स्वतः कधीकाळी तीन दिवस शुद्ध हरपून पडली होती, ती आता मुलाला सावरत होती.

मग घटस्थापना आली. त्या दिवशी ती गेली. तिची समाधी शिऊरला आहे.

तिचे आत्मकथन, म्हणजे अभंगातून सांगितलेले स्वतःचे चरित्र, मागे राहिले. बाईने स्वतःचे आयुष्य स्वतः सांगण्याची मराठीतली ही फार जुनी उदाहरणे. १९२९ साली जस्टिन ॲबट या अमेरिकन मिशनऱ्याने ते इंग्रजीत नेले, आणि तेव्हापासून बाहेरच्या देशांतले अभ्यासकही कोल्हापूरच्या त्या वासराची गोष्ट वाचतात. आपल्याकडे मात्र पाठ्यपुस्तकात दोन ओळी आणि कीर्तनात एक प्रसंग, एवढ्यावर ती राहिली.

टेकडी चढताना

या नवरात्रात देवासच्या टेकडीवर पुन्हा गर्दी होईल. माळव्यातली मराठी घरे, ज्यांचे पूर्वज पवारांबरोबर, होळकरांबरोबर इकडे आले, तीही जातील. जावे. आईकडे जाण्यात चूक काहीच नाही. श्रद्धेने माणसाला बळ मिळते, हे बहिणाबाईंच्या चरित्रातूनच दिसते.

फक्त सोबत जी मुलगी आहे, जी जेवत नाही, जिची शुद्ध हरपते, तिच्यासाठी चार गोष्टी कराव्यात. तिला डॉक्टरकडे न्यावे आणि औषध मध्येच बंद करू नये. तिला मारून, बांधून, उपाशी ठेवून काहीही बाहेर निघत नाही, उलट आत जाते. तिला देवी करू नये आणि भूतही करू नये. आणि एकदा तिच्याजवळ बसून तिला विचारावे, की बाई, तुझे काय गेले? बहिणाचे वासरू गेले होते. ते कोणी विचारले असते तर तिने त्याच दिवशी सांगितले असते.